आवाज करणारा प्रिंटर

रत्नागिरीच्या मांडवीतल्या शिवा डोर्लेकरची एक खोड होती. कुणी बिघडलेली वस्तू आणली की तो आधी तिला कान लावायचा, हात नंतर. मिक्सर असो, पंखा असो, नाहीतर कुणाचा प्रिंटर असो. लोक हसत, पण वस्तू दुरुस्त होऊन मिळत असल्यामुळे तोंडावर हसत नसत.

ही खोड त्याला समुद्रावरून लागली होती. तीस वर्षं त्याने मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलरांवर वायरलेस सेट आणि मासे दाखवणारी यंत्रं बसवली. इंजिनाच्या धडधडाटात ओरडून बोलायचं, ओरडूनच ऐकायचं. पन्नाशी उलटल्यावर गुडघ्यांनी दगा दिला, शिडी चढणं बंद झालं, आणि शिवाने घराच्या पडवीत टेबल टाकलं. किनाऱ्यावर बसून काम करायला त्याला सुरुवातीला लाज वाटायची. मग सवय झाली.

घरात आवाजाची उणीव मात्र कधीच नव्हती, कारण घरात हिरा होती. हिरा हर्णै बंदराची. तिथल्या संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात आईच्या बाजूला उभी राहून पोरवयात ओरडायला शिकलेली. लग्न होऊन रत्नागिरीत आली ती तोच गळा घेऊन. मासळी बाजारात तिचा ओटा उजव्या हाताचा तिसरा. ती ‘ताजी सुरमय’ म्हणाली की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याची मान वळायची. गिऱ्हाईकाने माशाचा कल्ला उलटून नाक मुरडलं की हिरा त्याच्या सात पिढ्यांची खबर घ्यायची, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच यायचा. शिवालाही घरी रोज काही ना काही ऐकावं लागायचं. पंचवीस वर्षांत तिचं बोलणं त्याने कौतुकाने ऐकलं असं नाही. पण ते असायचं, घराला छप्पर असतं तसं.

दोन वर्षांपूर्वी हिराच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि स्वरयंत्र काढून घेतलं. मानेला एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घ्यायची. त्यावर पातळ रुमाल बांधायची. गळ्याला धरून बोलायचं एक यंत्र तिकडे दाखवलं होतं. हिराने एकदा लावलं, त्यातून जे आलं ते ऐकलं, आणि परत देऊन टाकलं. कुणी आग्रह केला तर ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

मग एक पाटी आणली. हिरा सातवी शिकलेली, अक्षर गोल आणि स्वच्छ. काही दिवस पाटीवर बरं चाललं. चाललं असं आपलं शिवाला वाटत होतं.

एका दुपारी शिवाची भावजय राही घरी आली होती. राही धाकट्या भावाची बायको, कामसू, मनाने चांगली. बाजारातल्या बायका विचारत होत्या की हिराचा ओटा आठ महिने रिकामा आहे, कोण बसणार? ओटा असा फार दिवस रिकामा राहिला की दुसऱ्या कुणाला तरी मिळतो, हा तिथला रिवाज. शिवा शेगडीपाशी पाठ करून भात वाढत होता. वाढता वाढताच म्हणाला, “तूच बस ना राही. घरातला ओटा घरात ऱ्हायल.”

त्याच्या पाठीमागे हिराने पाटीवर काहीतरी लिहिलं. पाटी वर धरली. राही ताटाकडे बघत होती, शिवा पातेल्याकडे. भात वाढून शिवा वळला तेव्हा हिरा पदराने पाटी पुसत होती.

“काय लिवलंस गो?” त्याने विचारलं.

तिने मान हलवली. संध्याकाळी पाटी खिळ्याला टांगली गेली, आणि नंतर ती कधी खाली आली नाही. हिरा कामं करायची, जेवायची, झोपायची. खुणा करणंसुद्धा तिने सोडून दिलं. माणूस घरात असून घरात नाही, असं झालं.

शिवाला हे लगेच उमगलं असं म्हणणं खोटं होईल. पुरुषांना अशा गोष्टी उमगायला वेळ लागतो, आणि शिवा काही त्याला अपवाद नव्हता. त्याला वाटलं, औषधांनी थकली असेल. शेवटी मुलीने, पूर्वीने, फोनवर सुनावलं.

पूर्वी पुण्याला संगणकाच्या कंपनीत. ती म्हणाली, “बाबा, आये मेसेजला उत्तर देत नाही. पाटी का टाकली तिने? तुमी तिला काय बोललाव?”

“मी कशाला काय बोलू?”

“मग काय ऐकलं नाहीत?”

फोन ठेवून तो टेबलाशी येऊन बसला. समोर कुणाचातरी टेबलफॅन उघडा पडला होता, त्याला कान लावावासा वाटेना.

पुढच्या सुट्टीत पूर्वी एक टॅबलेट घेऊन आली. हातात मावेल एवढा, कोपऱ्याला चीर गेलेला. त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी संगणकप्रणाली घातलेली होती. कामातून निवृत्त झालेली वस्तू तिने आपल्या हाताने पुन्हा कामाला लावली होती, आणि याबाबतीत ती बापाची लेक होती. तिने त्यात मराठी टंकन बसवलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाजही.

हिराने दोन बोटांनी लिहिलं. टॅबलेट बोलला. तो आवाज एका पुरुषाचा होता, तोही सर्दी झालेल्या आणि मराठीशी फारशी ओळख नसलेल्याचा. हिराने टॅबलेट पालथा घातला आणि मासे साफ करायला निघून गेली. पूर्वीचे डोळे भरून आले. शिवालाही वाईट वाटलं, पण मनातल्या मनात तो हिराच्या बाजूने होता. ज्या बाईचा गळा अख्ख्या बाजाराने ओळखला, तिला हा असला गळा कसा चालेल?

“बोलायचा नको,” तो पूर्वीला म्हणाला. “लिवलेला कागदावर येव दे. ह्याला प्रिंटर लागतो काय?”

“लागतो. पण सोपं नाही बाबा.”

सोपं नाही हे ऐकल्यावर शिवाच्या अंगात आलं.

टॅबलेटला भोक एकच. त्यातूनच चार्जिंग, त्यातूनच बाकी सगळं. म्हणून एका भोकाची चार करणारा हब आणला. त्याला कीबोर्ड लावला. पूर्वीने कीबोर्डावर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवून दिले आणि ती पुण्याला गेली. कीबोर्डाचा दिवा लागला आणि विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. शिवा गालात हसला. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. एका बॅटरीवर चार यंत्रं टांगली की बोटीवरसुद्धा वायरलेस असाच खोकतो. त्याने स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आणला. दिवा लागला तो लागूनच राहिला.

मग पडवीत धूळ खात पडलेला एक जुना शाईचा प्रिंटर त्याने जोडला. टॅबलेटने त्याला ओळखच दाखवली नाही. शिवाने वायर काढली, पिना बघितल्या. मांडवीचा खारा वारा कशालाच सोडत नाही. पिनांवर हिरवा थर चढला होता. तो त्याने खोडरबराने घासून काढला. आता टॅबलेटला प्रिंटर दिसू लागला, पण छापेना. पूर्वीने फोनवर कारण सांगितलं. त्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, फक्त साध्या संगणकांसाठी होता, या टॅबलेटच्या प्रोसेसरची जात वेगळी. दिसतो पण बोलत नाही, अशी गत. शिवाला ते ऐकून कसंतरीच झालं. त्याने प्रिंटर मुकाट्याने बाजूला ठेवला.

शेवटी पूर्वीने नवा वायफायवाला प्रिंटर धाडला. त्याला वायरही नको, ड्रायव्हरही नको. टॅबलेटने त्याला शोधला आणि पहिल्याच फटक्यात कागद बाहेर आला. अक्षर सुबक, आवाज जवळजवळ नाहीच. शिवाने तो कपाटावर ठेवला, हिराला खुर्चीवर बसवलं, आणि सगळं दाखवलं. हिराने मान डोलावली. शिवाला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत कामाला बसला. दुपारी जेवायला आत गेला तर शेगडी थंड. हिरा भिंतीला टेकून बसलेली. तो चिडला. “भात नाय केलास?”

तिने कपाटाकडे बोट केलं. प्रिंटरच्या पोटातून एक कागद बाहेर येऊन पडला होता. त्यावर लिहिलं होतं: गॅस संपला. नंबर लावा. त्याखाली आणखी एक कागद: नंबर लावलात काय? आणि तिसरा कागद, त्यावर काहीच नव्हतं. तिने कोराच छापला होता.

शिवा ते तीन कागद हातात घेऊन उभा राहिला. पहिला सकाळी नऊचा असणार. चार तास तो पाच हातांवर बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्या क्षणी त्याला पाटी आठवली, भाताचं पातेलं आठवलं, पदराने पाटी पुसणारा हात आठवला. पाटीला आवाज नसतो. पाटीकडे पाठ केली की बाई संपली. बोलणाऱ्या माणसाला समोरच्याला थांबवता येतं, मध्येच तोडता येतं, आतल्या खोलीतून बाहेर खेचून आणता येतं. हिराचं ते गेलं होतं, आणि शिवाने तिला आणखी एक मुकी वस्तू आणून दिली होती. बोटीवर न वाजणारा अलार्म कुणी बसवतं का? तीस वर्षं बोटीवर घालवून एवढी साधी गोष्ट आपल्याला कळू नये, याची त्याला मनापासून शरम वाटली.

जेवण बाहेरून आणलं. जेवण झाल्यावर शिवा सरळ विनीतकडे गेला.

विनीतचं नाक्यावर बियाण्यांचं दुकान होतं, ते दोन वर्षांपूर्वी बंद झालं. तिथे पावत्या छापणारा एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता, कडेला भोकं असलेल्या लांबच लांब कागदावर सुया आपटून छापणारा. तो सुरू झाला की समोरच्या हॉटेलात चहा पिणारी माणसं कपाळाला आठ्या घालत.

“तो आवाज करतो रे शिवाभाऊ,” विनीत म्हणाला. “म्हणून कुणी नेत नाही.”

“म्हणूनच पायजे,” शिवा म्हणाला आणि तेवढंच बोलून प्रिंटर रिक्षात घातला.

आता खरं काम सुरू झालं. त्या प्रिंटरचा प्लग हाताच्या पंजाएवढा रुंद, टॅबलेटचं भोक तांदळाएवढं. दोघांमध्ये एक जोडवायर लागली, ती कोल्हापूरहून मागवावी लागली. रिबन वाळून कडक झाली होती. शिवाने तिला शिक्क्याची शाई थेंब थेंब पाजली. टॅबलेटच्या यादीत त्या प्रिंटरचं नाव नव्हतं. पूर्वीने फोनवरून यादीतला त्याच्यासारखाच नऊ सुयांचा एक साधा पर्याय निवडायला लावला. इंग्रजी छापलं. शिवाने टाळी वाजवली. मराठी छापलं तर ओळभर प्रश्नचिन्हं.

“त्याला मराठी अक्षरंच माहीत नाहीत, बाबा,” पूर्वी म्हणाली. “त्याच्या डोक्यात फक्त इंग्रजी भरलेलं आहे. आपण अक्षर पाठवायचं नाही, अक्षराचं चित्र पाठवायचं. हळू छापेल, आणि आवाज जास्त होईल.”

“होव दे. किती होयल तेवढो होव दे.”

दोन दिवस बापलेक फोनवर होते. ती सांगेल तसं शिवा टंकायचा, चुकला की तिच्याआधी स्वतःच स्वतःला शिवी द्यायचा. हिरा आतून येता-जाता बघायची. काही विचारायची नाही. फक्त एकदा तिने त्याच्या टेबलावर चहा ठेवला, आणि तो गार झाला तेव्हा उचलून पुन्हा गरम करून आणला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मराठी उमटलं. ते बघण्यासारखं होतं. सुयांची पट्टी आधी डावीकडून उजवीकडे धावली आणि कागदावर नुसती एक शिरोरेखा आली. मग कागद जरासा वर सरकला, आणि पुढच्या धावेत त्या रेघेखाली अक्षरांची अंगं लोंबू लागली. काय लिहिलंय ते कळायला थांबावंच लागायचं. आणि आवाज! कर्र, कर्र, कर्र. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. शेजारच्या कुत्र्याने भुंकून उत्तर दिलं.

शिवाने प्रिंटर माजघरात बैठकीच्या लाकडी पेटीवर ठेवला, मुद्दाम, म्हणजे पेटी पोकळ असल्यामुळे आवाज दुप्पट व्हावा. हिराला हाक मारली. ती आली, उभी राहिली, पण कीबोर्डाला हात लावला नाही. दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा कोण हात पुढे करणार? शिवाने आग्रह केला नाही. म्हणाला, “हतंच पेटीवर ऱ्हायल. तुला वाटल तेवा.”

त्याच सकाळी, दहाच्या सुमाराला राही आली. दिवस चांगला होता आणि इतके दिवस आज-उद्या करत राहिलेली ती उद्यापासून ओट्यावर बसणार होती. हिराची मासे कापायची विळी न्यायला ती आली होती. विळी जुनी, हिराच्या आईची, पात्याला अजूनही वस्तऱ्यासारखी धार. राहीने हिराच्या पायाला हात लावला. ती वरवर नव्हे, मनापासून वाकली होती.

“वैनी, तुमच्या हाताची विळी घेवन बसतंय. आशीर्वाद द्या.”

हिरा काही बोलली नाही, म्हणजे कसं बोलणार? शिवा पडवीतूनच म्हणाला, “कोनाड्यात हाय, घे.” आणि पुन्हा टेबलफॅनकडे वळला. सवय वाईट असते. थोड्याच दिवसांपूर्वी शरमलेला माणूस पुन्हा पाठ करून बसला होता.

राहीने विळी उचलली, फडक्यात गुंडाळली, उंबऱ्यापर्यंत आली.

कर्र.

राही दचकली. शिवाच्या हातातून पेचकस खाली पडला.

कर्र, कर्र, कर्र. पेटी घुमू लागली. शेजारची ऋतिका खिडकीत आली. रस्त्याने जाणारी दोन माणसं थबकली. शिवा गुडघ्यांचं दुखणं विसरून माजघरात आला. हिरा कीबोर्डासमोर ताठ बसली होती, रुमालाखाली तिचा श्वास फुरफुरत होता, आणि ती कुणाकडेही बघत नव्हती, फक्त कागदाकडे.

आधी रेघ आली. सगळे त्या रेघेकडे बघत उभे. मग खाली अक्षरं उतरली.

विळी खाली ठेव राही.

पुन्हा रेघ.

जागा माजी हाय.

पुन्हा रेघ. ही ओळ छापताना प्रिंटर मध्येच अडखळला आणि शिवाचा जीव टांगणीला लागला, पण अडखळून तो पुढे गेला.

माजो गळो गेलो, मी गेलंय नाय.

राहीने विळी फडक्यासकट कोनाड्यात परत ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “वैनी, माका म्हायतच नव्हता. भाऊजी बोललं म्हणून...” ती हिराजवळ बसली. हिराने तिच्या पाठीवर हात फिरवला, राग तिच्यावर नव्हताच. मग तो हात पुन्हा कीबोर्डाकडे गेला. दोन बोटं एकेक अक्षर शोधत राहिली. खिडकीतली ऋतिका, दारातली माणसं, सगळी थांबली. शिवाही थांबला, आणि हे आपल्यासाठी आहे हे त्याला आधीच कळलं.

कर्र, कर्र.

पाटीवर मी ‘नाय’ लिवला होता. तुमी बगितलात नाय.

शिवाने तो कागद फाडून घेतला नाही. तो तसाच प्रिंटरला लटकत होता, आणि शिवा त्याच्यासमोर उभा राहून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. माणसं बाहेर उभी आहेत याची त्याने पर्वा केली नाही. “चुकलो गो,” तो म्हणाला. “तुला विचारूक होवा होता. चुकलो मी.” पंचवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं, निदान एवढ्या मोठ्याने.

पुढच्या आठवड्यात शिवा बाजारात गेला. उजव्या हाताच्या तिसऱ्या ओट्याखाली त्याने एक फळी ठोकली, तिच्यावर प्रिंटर बसवला, वर पाण्याच्या शिंतोड्यांसाठी प्लास्टिकचं झाकण केलं. बोटीवर लावतात तशी बॅटरी आणि इन्व्हर्टर खाली एका पेटीत ठेवला. टॅबलेट एका पारदर्शक पिशवीत, कीबोर्ड दुसऱ्या. प्रत्येक वायरीचं टोक त्याने रबराने बंद केलं, वादळात जाणाऱ्या बोटीचं करावं तसं. राही हिराच्या शेजारी बसू लागली, मासे तोलायला आणि हाका द्यायला. कापायचं काम हिराचंच.

पहिल्या दिवशी एका गिऱ्हाईकाने पापलेटाचा कल्ला उलटला आणि नाक मुरडलं. हिराने विळी बाजूला ठेवली, हात पुसले, आणि कीबोर्डावर वाकली. कर्र, कर्र सुरू झालं तशी आजूबाजूच्या बायका ओट्यांवर उठून उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक पळून जाऊ शकत होतं, पण पळालं नाही. आपल्याला काय ऐकवलं जाणार आहे हे कळल्याशिवाय तिथून कुणाचा पाय निघत नव्हता. त्या कागदावर जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो माणूस हसत हसत पापलेट घेऊन गेला, कागदसुद्धा घेऊन गेला.

पूर्वीने नंतर फोन केला. बाजारासाठी लहान, हलका, बॅटरीवर चालणारा प्रिंटर मिळतो, आवाजही नाही, असं ती सांगत होती. शिवा म्हणाला, “तुज्या आयेला विचार.” आणि फोन हिराच्या कानाला लावून तो बाजूला झाला. हिराने प्रिंटरकडे पाहिलं आणि फोनच्या काचेवर नखाने दोनदा टकटक केली. नको म्हणायची मायलेकींची ती खूण पूर्वीला लहानपणापासून ठाऊक होती.

वायफायवाला मुका प्रिंटर विनीतला देऊन टाकला. घरासाठी शिवाने आणखी एक जुना डॉट मॅट्रिक्स शोधून आणला, खेडच्या एका बंद पडलेल्या कचेरीतून, पहिल्यापेक्षाही मोठ्या तोंडाचा. तो माजघरात पेटीवर बसला.

एका संध्याकाळी हिरा बाजारातून दमून आली होती, म्हणून स्वयंपाक शिवाने केला आणि आमटीची वाटी आधी तिच्यापुढे ठेवली. तो शेगडीपाशी पाठ करून भात वाढत होता. मागे कर्र झालं. पहिलीच रेघ पडत होती, अक्षर एकही उतरलं नव्हतं. शिवाने डाव पातेल्यात ठेवला, ताट बाजूला सारलं आणि वळून कागदासमोर जाऊन उभा राहिला. हिरा त्याच्याकडे बघत होती. अक्षरं सावकाश खाली येत होती आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

आमटीत मीठ कमी हाय.

शिवाने चव घेऊन पाहिली. मीठ खरंच कमी होतं.